वाचकांचे प्रश्न : वनस्पतींचे अर्क आणि प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर औषधी वनस्पतींच्या अर्कांच्या ज्या चाचण्या प्रयोगशाळेत होतात, त्यांविषयी आलेल्या पत्रांतली पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे थोरले बंधू ७२ वर्षांचे आहेत. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे नुकतेच निदान झाले असून डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शने सुचवली आहेत. दरम्यान, गुळवेलीच्या अर्काने प्रयोगशाळेत या कर्करोगाच्या ८० टक्के पेशी नष्ट झाल्या, अशी बातमी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात फिरत आहे. इंजेक्शने थोडी लांबवून आधी काढा देऊन पाहावा, असे घरात चालले आहे. आपले मत कळवावे.
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : इंजेक्शने लांबवू नयेत, हे आधी लिहितो, कारणे सविस्तर सांगतो.

‘८० टक्के पेशी नष्ट’ हा आकडा कोठून येतो, ते आधी पाहू. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या एका ताटलीत ९६ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात काही हजार कर्करोगपेशी पोषकद्रवात सोडतात आणि त्या तळाला चिकटाव्यात म्हणून ताटली ३७ अंश सेल्सिअसला एक दिवस ठेवतात. मग वेगवेगळ्या मात्रांत अर्क घालतात व आणखी दोन-तीन दिवस थांबतात. शेवटी एमटीटी नावाचे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशीतली विकरे (एन्झाइम) त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तळाशी सुयांच्या झुबक्यांसारखे दिसतात. स्फटिक विरघळवून जांभळा रंग किती गडद आहे ते यंत्राने मोजतात. १९८३ पासून जगभर रूढ असलेली ही चाचणी स्वस्त आणि सोयीची आहे, म्हणूनच ती इतकी होते. परंतु मोजला जातो तो रंग. अर्क न घातलेल्या खळग्यांच्या तुलनेत रंग ८० टक्के कमी भरला, एवढेच प्रयोग करणाऱ्याने पाहिलेले असते. पेशी मेल्या, की त्यांची वाढ थांबली, की त्यांची चयापचय क्रिया तेवढी मंदावली, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.

आता मात्रेचा हिशेब. व्हॉट्सअॅपवरच्या बातमीत अर्क किती वापरला हे सहसा नसते. अशा शोधनिबंधांत दर मिलिलिटरला १०० ते २०० मायक्रोग्रॅम ही मात्रा सर्रास आढळते. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ४० लिटर पाणी असते. त्या सगळ्या पाण्यात दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम अर्क राहायचा, तर ८ ग्रॅम कोरडा अर्क अंगात भिनायला हवा. वाळलेल्या वनस्पतीतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर तो ८० ग्रॅम वनस्पतीचा झाला. तोही सगळाच्या सगळा आतड्यातून रक्तात उतरायला हवा, यकृताने त्याचे तुकडे करता कामा नयेत आणि मूत्रपिंडांनी तो दोन-तीन दिवस बाहेर टाकता कामा नये. प्रत्यक्षात यातले काहीच घडत नाही. हळदीतील कुर्क्युमिनचे उदाहरण पाहा. ताटलीतल्या प्रोस्टेट पेशींवर त्याचा परिणाम साधारणपणे १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात विरघळलेल्या द्रव्याचे प्रमाण मोजण्याचे एकक) या मात्रांत दाखवला जातो; तैवानमध्ये रुग्णांना दिवसाला तब्बल ८ ग्रॅम शुद्ध कुर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी २ मायक्रोमोलरच्याही खाली राहिली, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी आपण काढा पाण्यात करतो आणि चाचणीतला अर्क बहुधा मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये काढलेला असतो. दोन्हींत उतरणारी द्रव्ये सारखी नसतात. म्हणजे बातमीतला पदार्थ आणि आपल्या पातेल्यातला पदार्थ हे मुळात एक नाहीत.

याउलट हार्मोनच्या इंजेक्शनामागचा आधार फार जुना आणि माणसांमध्ये तपासलेला आहे. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसला जातो आणि ते हार्मोन खाली आणले की ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये रुग्णांमध्ये दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुळवेलीबद्दल आणखी एक सांगायला हवे. करोनाच्या काळात ती घरोघरी घेतली गेली, तेव्हा मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करून तेच निदर्शनास आणले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद बाजूला ठेवला, तरी आपल्या बंधूंच्या दृष्टीने एक व्यावहारिक अडचण उरतेच. या आजारात पुढे अॅबिराटेरॉन हे औषध दिले जाण्याची शक्यता असते आणि त्याने यकृतातील विकरे वाढू शकतात, म्हणून ती वेळोवेळी तपासतात. रुग्ण सोबत गुळवेल घेत असेल आणि विकरे वाढली, तर दोष कोणाचा हे डॉक्टरांना कळत नाही आणि नको तेव्हा औषध बंद करावे लागते. ज्येष्ठमधाचेही असेच आहे : त्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते, अॅबिराटेरॉननेही नेमके हेच होऊ शकते.

तेव्हा काढा घ्यायचा की नाही, हे कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि तो उपचाराऐवजी कदापि घेऊ नये. हा कर्करोग अनेकांच्या बाबतीत फार सावकाश वाढतो. काढा घेऊन वर्षभर बरा असलेला एखादा माणूस आपल्याला कोणीतरी नक्कीच दाखवील. तो काढा न घेताही बराच असता, ही शक्यता मोठी असते.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असून, हिरडा आणि रिठा यांच्या मिथेनॉल अर्कांची पीसी-३ या प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवर एमटीटी चाचणी करणार आहे. एवढा प्रकल्प पुरेसा आहे का? सुरुवातीच्या प्रयोगात दोन्ही अर्कांचा परिणाम फारच चांगला दिसतो आहे.
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : परिणाम फारच चांगला दिसतो आहे, हीच काळजीची गोष्ट आहे. आपण निवडलेल्या दोन्ही वनस्पती या चाचणीत हमखास ‘पास’ होणाऱ्यांपैकी आहेत. हिरड्यात टॅनिने भरपूर असतात. ती समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, मग ते कर्करोगपेशीचे असो की पोषकद्रवातल्या वासराच्या रक्तजलाचे. रिठ्यात सॅपोनिने असतात आणि ती कोणत्याही पेशीचे आवरण फोडतात. तांबड्या रक्तपेशींवर रिठा घालून पाहा, त्याही फुटतील. अशा परिणामाला कर्करोगविरोधी गुण म्हणता येत नाही. त्यामुळे पहिली सूचना ही की टॅनिने काढून टाकलेला अर्क सोबत तपासावा, आणि कर्करोग नसलेल्या प्रोस्टेट पेशींवर, उदाहरणार्थ आरडब्ल्यूपीई-१ या वाणावर (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या, एकाच उगमाच्या पेशींना वाण म्हणतात), त्याच दिवशी त्याच मात्रा चालवाव्यात. निरोगी पेशी निम्म्या करणारी मात्रा कर्करोगपेशी निम्म्या करणाऱ्या मात्रेच्या कितीपट आहे, हे गुणोत्तर आपल्या प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा आकडा ठरेल. ते एकच्या आसपास आले, तर तसेच लिहावे. तोही निष्कर्षच आहे.

दुसरी सूचना पेशींच्या निवडीची. प्रोस्टेटवरच्या वनस्पती-चाचण्यांत पीसी-३ इतकी का वापरली जाते, याचे खरे उत्तर ती वाढवायला सोपी आहे हे आहे. ती एका रुग्णाच्या हाडात पसरलेल्या गाठीपासून १९७९ मध्ये तयार झाली. डीयू-१४५ ही मेंदूत पसरलेल्या गाठीपासून, तर एलएनकॅप ही लसिकाग्रंथीतल्या गाठीपासून आली. पहिल्या दोघींची वाढ पुरुषी हार्मोनवर अवलंबून नाही. बहुसंख्य रुग्णांमधला आजार मात्र हार्मोनवर चालणारा असतो, म्हणजे निव्वळ पीसी-३ वर काम केल्याने आजाराचा मुख्य भाग अभ्यासाबाहेरच राहतो. एलएनकॅप त्या आजाराला जवळची आहे. ती सावकाश वाढते, तळाला सैल चिकटते आणि पोषकद्रव बदलताना जरा जोर झाला की निघून जाते. त्यामुळे विद्यार्थी तिला कंटाळतात. तिचा एक गुण मात्र ध्यानात ठेवावा. तिच्या हार्मोनग्राहकात, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनात, एक उत्परिवर्तन असून, त्यामुळे तो इतर स्टेरॉइडांनाही आणि फ्लुटामाइडसारख्या हार्मोनविरोधी औषधाच्या सक्रिय रूपालाही पुरुषी हार्मोन मिळाल्यासारखा प्रतिसाद देतो. वनस्पतीत स्टेरॉइडसदृश द्रव्य असेल, तर या पेशी कमी होण्याऐवजी वाढूही शकतात. असे दिसले, तर तो खळगा ‘चुकला’ म्हणून वगळू नये.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रासारख्या अधिकृत भांडारातून घ्याव्यात, शेजारच्या प्रयोगशाळेतून नळीभर मागून आणू नयेत. टीएसयू-पीआर१ नावाचा वाण कित्येक वर्षे प्रोस्टेटचा म्हणून वापरला गेला आणि २००१ मध्ये तो मूत्राशयाच्या कर्करोगाचा निघाला. त्यावर बेतलेले शोधनिबंध अजून ग्रंथालयांत आहेत.

आता प्रत्यक्ष चाचणीतल्या खाचाखोचा. वनस्पतीतली पॉलिफेनॉले पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करू शकतात. म्हणून पोषकद्रव, अर्क आणि एमटीटी असलेले, पण पेशी नसलेले खळगे प्रत्येक मात्रेसाठी ठेवावेत आणि त्यांचे वाचन वजा करावे. अर्काला स्वतःचा गडद रंग असेल, तर एमटीटी घालण्यापूर्वी खळगे हलक्या हाताने धुऊन घ्यावेत. शिवाय चहातल्या ईजीसीजीसारखी काही पॉलिफेनॉले पोषकद्रवातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात, हे अडीच दशकांपासून माहीत आहे. कॅटलेझ हे पेरॉक्साइड मोडणारे विकर घालून एक तुलना केली की हा घोटाळा ताबडतोब उघडा पडतो. खर्च थोडा येतो. मार्गदर्शकांकडे आग्रह धरावा. अर्क ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवला, तोच नियंत्रण खळग्यांतही तितकाच असावा आणि ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावा. अधिक असेल तर तोच पेशींना बाधतो. डोसेटॅक्सेलसारखे परिणाम माहीत असलेले कर्करोगाचे औषधही एका ओळीत चालवावे, म्हणजे त्या दिवशी पेशी आणि चाचणी दोन्ही धड होत्या याचा पुरावा राहतो.

वाढ निम्मी करणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, किती आली की अर्क ‘सक्रिय’ म्हणावा, यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणीतून आलेला दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम हा निकष बराच वापरला जातो. आपल्याकडे १५० आले तरी निष्कर्षात ‘आश्वासक’ हा शब्द येतो. तो कृपया टाळावा.

राहिली वनस्पतीची ओळख. बाजारातून आणलेले हिरडे वापरत असाल, तर निदान नमुना पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहालयाकडून ओळखून घ्यावा आणि त्याचा नोंदक्रमांक प्रबंधात द्यावा. गोळा केल्याचा महिना व ठिकाण लिहावे; ऋतूप्रमाणे द्रव्ये बदलतात. हे नसेल, तर आपला प्रयोग दुसऱ्या कोणाला करून पाहता येणार नाही.

प्रश्न : आमची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. डाळिंबाच्या रसाने प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात येतो, असे परदेशातील संशोधन असल्याचे ऐकले. आम्ही रस बाटलीबंद करून विकण्याच्या विचारात आहोत. लेबलवर तसा उल्लेख करता येईल का?
– एक बागायतदार, सोलापूर जिल्हा

उत्तर : येणार नाही. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने कर्करोग बरा होतो किंवा टळतो अशी जाहिरात करण्यास बंदी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येनुसार लेबल हीही जाहिरातच ठरते.

संशोधनाविषयी आपण ऐकले ते अर्धे आहे. पेशींवरचे निकाल चांगले आले म्हणून अमेरिकेत उपचारानंतर पीएसए पुन्हा वाढू लागलेल्या रुग्णांना रोज पेलाभर रस देऊन पाहिला. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारे प्रथिन. ते दुप्पट व्हायला जितका अधिक काळ लागेल, तितके बरे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा काळ सरासरी १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला आणि त्याचा जगभर गवगवा झाला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. पुढे १८३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागून काहींना डाळिंबाचा अर्क, काहींना रस आणि काहींना दिसायला तसेच पण डाळिंब नसलेले पेय दिले. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा, डाळिंब न मिळालेल्यांमध्येही पीएसए दुप्पट होण्याचा काळ वाढलेला होता आणि गटांमधला फरक नोंद घेण्याजोगा नव्हता. तिकडच्या एका मोठ्या रस-कंपनीवर अशा दाव्यांवरून सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि आयोगाचीच बाजू मुख्यतः टिकली. डाळिंब चवीवर विकावे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा उल्लेख रीतसर नोंदणी करून लेबलवर करता येतो.

प्रश्न : आपण वनस्पतींबाबत नेहमी नकारात्मकच लिहिता. एकाही झाडाने प्रोस्टेटच्या कर्करोगावर औषध दिलेले नाही का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दिले आहे, आणि ते आज टाटा रुग्णालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या कर्करोग केंद्रांपर्यंत रोज वापरले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८१ या काळात सुमारे ३५ हजार वनस्पतींचे अर्क तपासले. त्यासाठी १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली गेली. त्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना मन्सुख वाणी आणि मनरो वॉल यांच्या गटाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले की हे द्रव्य पेशीच्या विभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका सुटूच देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडकते. तोवर हा मार्ग कोणाच्या ध्यानी नव्हता. साल काढली की झाड मरते, म्हणून फ्रान्समध्ये प्येर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून डोसेटॅक्सेल तयार केले. हार्मोनला दाद न देणाऱ्या, पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर १,००६ रुग्णांमध्ये त्याची चाचणी झाली आणि २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आयुष्य किती वाढले? त्या वेळच्या प्रचलित उपचाराने मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १६.५ महिने होता, डोसेटॅक्सेलने तो १८.९ झाला.

सालीपासून त्या मान्यतेपर्यंत ४२ वर्षे लागली. शिवाय यू हे झाड विषारी आहे. त्याचा काढा कोणी घेतला, तर हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो. रुग्णाला मिळते ते त्यातल्या एका द्रव्याचे, प्रयोगशाळेत पालटलेले, मिलिग्रॅममध्ये मोजलेले रूप.

आपल्या सह्याद्रीतही असे झाड आहे. नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते, हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले. त्या द्रव्यापासून बनलेली औषधे प्रोस्टेटसाठी नव्हे, तर अंडाशय आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी वापरली जातात. नरक्याची त्यानंतर पश्चिम घाटात बेसुमार तोड झाली. आपल्या भागातल्या देवराया आणि वनखात्याची राखीव जंगले यांतला नरक्या टिकवणे हे मला अर्कांच्या आणखी शंभर एमटीटी चाचण्यांपेक्षा निकडीचे वाटते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. पुण्यात असलेल्या बाबांना दोन वर्षांपासून इथून ‘प्रोस्टेटच्या आरोग्यासाठी’ म्हणून मिळणाऱ्या वनस्पतींच्या कॅप्सूल पाठवते. त्यांचे पीएसए थोडे खाली आले आहे. हे चालू ठेवावे ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पीएसए खाली येण्याची कारणे अनेक असतात, जंतुसंसर्ग ओसरला तरी ते उतरते. अशा कॅप्सूलमध्ये बहुधा सॉ पाल्मेटो हे अमेरिकी पामफळ असते. ३६९ पुरुषांना नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत ते देऊन २०११ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लघवीच्या त्रासावर त्याचा उपयोग नकली गोळीपेक्षा अधिक दिसला नाही आणि पीएसएही बदलले नाही. म्हणजे आकडा खरोखर कॅप्सूलने उतरला असेल, तर तिच्यात दुसरे काय आहे, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न अमेरिकेत एकदा फार महागात पडला आहे. पीसी-स्पेस नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण १९९० च्या दशकात तिथे विकले जात होते. एलएनकॅप पेशींवर त्याचा परिणाम दिसे, रुग्णांचे पीएसए झपाट्याने उतरे, नामांकित संस्थांत त्याच्या चाचण्या सुरू होत्या. ते घेणाऱ्या काही पुरुषांचे स्तन दुखू लागले, काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. मिश्रण स्त्रीहार्मोनसारखे वागते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तपासणीत त्यात डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीहार्मोन, वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध आणि इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक सापडले, तेही प्रत्येक उत्पादन-खेपेत वेगळ्या प्रमाणात. २००२ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. इतकी वर्षे पेशींवर आणि रुग्णांवर जे तपासले गेले, त्यात वनस्पतींचा वाटा किती होता, हे वेगळे काढणेच अवघड होऊन बसले.

आपण पाठवता त्यात असे काही आहे, असे माझे म्हणणे नाही. पण अमेरिकेत अशी पूरके बाजारात येण्यापूर्वी औषधांसारखी तपासली जात नाहीत. बाबांनी बाटली घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे, कॅप्सूल कोणत्या महिन्यापासून आणि दिवसाला किती घेतो ते सांगावे, आणि त्यांच्या सल्ल्याने ती बंद करून काही आठवड्यांनी पीएसए त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी त्यांना चालू असेल, तर ही भेट पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नये.